दादाचं संशोधन आणि माझी गाणी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी चोवीस वर्षांची आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मूळ गावात राहते, घर आगरी. जमीन नवी मुंबईसाठी सिडकोत गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर छोटी बिल्डिंग उभी राहिली. तिचं भाडं आणि वडिलांची नोकरी यांवर घर चालतं. मोठा भाऊ ठाण्याच्या खाडीतल्या चिखलातल्या जिवाणूंवर पीएचडी करतो. ही मराठीत एमए झाली. नेट परीक्षेतून पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरली, फेलोशिप मात्र थोडक्यात हुकली. तिची आजी धवलारीण आहे. लग्नातले सगळे विधी धवले गाऊन लावणारी. आता तिला फारसं कुणी बोलावत नाही, हळदीला डीजे येतो. नातीने मोबाइलवर आजीची चाळीसेक गाणी रेकॉर्ड केली आहेत आणि त्यांवर पीएचडी करायची तिची इच्छा आहे. चुलतभावाच्या हळदीत काका चारचौघांत म्हणाले, "पोरगा संशोधन करतो, पोरगी गाणी गोळा करते." दादा तिथे गप्प बसला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी बीएडचा फॉर्म आणून ठेवला. तिने विचारलं आहे : "ताई, दादाकडे लॅब आहे, मशीन आहेत. माझ्याकडे नुसता मोबाइल आणि आजी. माझं काम खरंच संशोधन आहे का, की मी आवडीलाच मोठं नाव देतेय? त्याचा उपयोग काय, हे बाबांना कसं सांगू? आणि बीएड करू की पीएचडी?"

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या काकांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लॅब, मोबाइल आणि आजी या वाक्यापाशी थांबले. काका एकदा बोलले आणि जेवायला बसले असतील. हे वाक्य मात्र तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, म्हणजे ते बरेच दिवस तुझ्या मनात घर करून असणार. म्हणून मी काकांना उत्तर देत बसत नाही. या वाक्याला देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तू प्रामाणिकपणे विचारलं आहेस. गाणी गोळा केली म्हणजे आपोआप संशोधन झालं, असं नाही. पण मग खाडीतला चिखल बाटल्यांत भरून आणला म्हणजेही संशोधन झालं, असं नाही. फ्रीजमध्ये ठेवलेला चिखल हा चिखलच असतो. दादा त्याला काहीतरी विचारतो : हे जिवाणू इथेच का वाढतात, पलीकडच्या काठावर का नाहीत? मग तो उत्तराकडे अशा वाटेने जातो की उद्या दुसरं कुणी त्याच वाटेने गेलं, तर दादा बरोबर होता की चुकला ते त्याला तपासता येईल. माझ्या लेखी संशोधनाची ओळख एवढीच. प्रश्न हवा, आणि उत्तर चुकलं असेल तर ती चूक दुसऱ्याला दाखवता यायला हवी. मशीनचा संबंध त्यानंतर येतो, कधी येतो, कधी येतच नाही. शुद्ध गणित करणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा कागद, पेन आणि फळा एवढंच असतं. त्याला संशोधक म्हणायला तुझे काकासुद्धा कचरणार नाहीत.

बाबांना सांगायला एक जवळचं उदाहरण देते. शिवरायांचा जन्म शके १५४९ म्हणजे इसवी सन १६२७ मधला, असं एकेकाळी सर्रास धरलं जायचं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार जुनी नोंद, प्रसिद्ध केली, तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. मग शिवकालीन कवी परमानंदाच्या शिवभारताचा आधार तिच्याशी जुळला, राजस्थानात सापडलेली जुनी कुंडलीही जुळली. वर्षानुवर्षं वाद झाले, पंचांगाची गणितं झाली, आणि पुढे कधीतरी राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. बाबांना त्या दिवशी सुट्टी असते. ती सुट्टी कुठल्याही लॅबमधून आलेली नाही. जुने कागद वाचू शकणारे डोळे, आणि आपण आजवर चुकीची तारीख धरत होतो हे मान्य करायची तयारी, एवढ्या भांडवलावर ते काम झालं आहे.

आता तुझ्या दादाकडे वळते. तुला हवं ते उत्तर तुझ्याच घरात, शेजारच्या खोलीत आहे असं मला वाटतं.

जिवाणूंवर काम करणारी माणसं त्यांचे वंशवृक्ष काढतात. दादाच्या लॅपटॉपवर तू असं झाड पाहिलं असशील, आडव्या फांद्या फुटत गेलेलं. दोन जिवाणूंच्या डीएनएमध्ये एकाच जागी एकसारखा बदल दिसला, तर तो बदल दोघांच्या एकाच पूर्वजात झाला असावा असा तर्क असतो. असे शेकडो बदल ताडून पाहायचे आणि कोण कोणाचा सख्खा, कोण लांबचा, ते ठरवायचं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे सगळ्या पोथ्या ताडून जुन्यात जुनी संहिता ठरवायचं, काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचं काम पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यांनी विचारात घेतली. काश्मीरची शारदा लिपीतली, केरळची मल्याळम लिपीतली, नेपाळची, बंगालची. एकेका श्लोकाचे सगळे पाठ, म्हणजे पोथ्यापोथ्यांतली वेगवेगळी रूपं, तक्त्यांवर उतरवायचे आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर नकला करणारे दोघे वेगवेगळ्या गावी बसून नेमके तिथेच चुकले असतील ही शक्यता कमी, दोघांच्या मागे एकच जुनी पोथी असण्याची जास्त. अशा समान चुकांवरून पोथ्यांची घराणी लावायची आणि मुळाकडे सरकायचं. आता सांग, दादा काय वेगळं करतो? या कामाची घडी बसवणारे विष्णु सीताराम सुकथनकर आधी केंब्रिजला गणित शिकले होते आणि मग बर्लिनला संस्कृतकडे वळले होते, हेही दादाला सांग. त्याला ते आवडेल.

हे साम्य मी ओढूनताणून दाखवत नाही. १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा लेख आला. केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि इंग्रजी साहित्याचे अभ्यासक यांनी मिळून लिहिलेला. जुना इंग्रज कवी चॉसर याच्या 'कॅंटरबरी टेल्स'मधल्या एका भागाची पंधराव्या शतकातली ५८ हस्तलिखितं घेऊन, जीवशास्त्रज्ञ वंशवृक्ष काढायला संगणकावरची जी आज्ञावली वापरतात तिच्यातूनच त्यांनी पोथ्यांचा वृक्ष काढला होता. कुठल्या विद्याशाखेच्या रकान्यात घालशील या कामाला?

आता तुझ्या चाळीस गाण्यांकडे ये. गाणी चाळीस आहेत, पण गाणारी एकच आहे. पोथ्यांच्या भाषेत बोलायचं तर तुझ्याकडे सध्या एकच हस्तलिखित आहे. उत्तम आहे, दुर्मीळ आहे, पण एक आहे. तुझं काम संशोधन आहे का, ही शंका तुला आली ती बहुधा इथेच. ती शंका योग्य होती, तू तिला कमीपणाची भावना समजलीस एवढंच. तोच धवला उरणची धवलारीण कसा गाते? दिवा गावची कशी गाते? भिवंडीकडची, अलिबागकडची? हळद दळतानाचं एक गाणं घे आणि चार गावांत जाऊन ऐक. कडवी कुठे गळतात, शब्द कुठे फिरतात, कुठलं नाव आत येतं, ते पाहा.

आणि इथे तुझा विषय जिवाणूंइतकाच अवघड होतो. साधारण अपेक्षा अशी की शेजारच्या गावांतली गाणी एकमेकींसारखी असतील, लांबची वेगळी असतील. पण गाणं गावात बसून राहत नाही, ते नवरीबरोबर जातं. मुलगी लग्न होऊन खाडी ओलांडून येते तेव्हा आईकडचं गाणं बरोबर आणते, सासूकडचंही ऐकते, आणि दोन्ही मिसळून तिसरं गाते. जिवाणूंतही असं होतं. आईपेशीकडून वारशाने मिळतात ते जीन वेगळे, आणि शेजारच्या भलत्याच जिवाणूकडून आडवे उचललेले जीन वेगळे. त्यामुळे त्यांचं झाड सरळ राहत नाही, फांद्या एकमेकींत गुंततात. महाभारताच्या संपादकांनाही हेच छळत होतं : समोर दोन पोथ्या ठेवून नकला करणारा लेखक. दादाला एकदा विचार, तो अशा गुंत्यात काय करतो. मला खात्री आहे की त्या दिवशी तुमचं बोलणं जेवणानंतरही चालू राहील.

म्हणजे प्रश्न असा होऊ शकतो : धवले गावाच्या वाटेने पसरतात, माहेरच्या वाटेने, की ज्या धवलारणीकडून शिकले तिच्या वाटेने? या प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं. म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

अर्थात हा एकच प्रश्न नाही, आणि तो तुलाच आवडावा असंही नाही. त्याच धवल्यात भाषा अभ्यासणारी व्यक्ती आगरी बोलीची क्रियापदं पाहील. ब्रिटिश काळात ग्रियर्सनने केलेल्या भारतभरच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा आहे, त्यात आगरीची नोंद आहे. तेव्हापासून काय बदललं, हा सरळ मोजता येणारा प्रश्न आहे. संगीत जाणणारी चाल पाहील. समाजशास्त्राची अभ्यासक विचारेल की लग्न लावण्याचा मान एका बाईकडे कसा होता आणि तो कुणाकडे गेला. वनस्पतिशास्त्रातली एखादी विचारेल की मांडवाच्या गाण्यांत कुठली झाडं येतात आणि त्यांतली कुठली आता आपल्या खाडीकाठी उरली आहेत. इतिहासाची विद्यार्थिनी १९७० नंतरच्या भूसंपादनाच्या खुणा गाण्यांत शोधील. गाणं एकच, पण प्रत्येकीचा पुरावा वेगळा आणि तो तपासायची रीतही वेगळी. भाषेवाली मोजेल. गाण्याचा अर्थ लावणारीला मोजून भागणार नाही, तिला ओळ समोर ठेवून युक्तिवाद करावा लागेल, आणि कधी एकाच ओळीचे दोन अर्थ दोन्ही टिकतील. पण वाटेल तो अर्थ टिकत नाही, हे एमए करताना तुझ्या शिक्षकांनी तुला नक्की शिकवलं असेल.

एका मोहापासून मात्र तुला आत्ताच सावध करते. तू महदाइसेचे 'धवळे' अभ्यासले आहेत. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या या बाईने रुक्मिणीच्या लग्नावर रचलेले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. त्या धवळ्यांपासून आजीच्या धवल्यांपर्यंत सातशे वर्षांची अखंड परंपरा, असं वाक्य तुझ्या पहिल्याच प्रकरणात येईल. फार मोहक वाक्य आहे, मलाही लिहावंसं वाटतं. पण नाव एक म्हणजे वंश एक, हे सिद्ध करावं लागतं. लग्नातल्या मंगलगीताला धवल म्हणायची रीत मराठीच्या बाहेरही आहे. मग आगऱ्यांकडे ती कुठून आली? कदाचित उत्तर तुला हवं तेच निघेल, कदाचित फार वेगळं निघेल. ते ठरेपर्यंत हे वाक्य वहीत ठेव, प्रबंधात नको.

तू उपयोगाचं विचारलंस. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण 'नुसतं गोळा करणं' या शब्दांवर मी गप्प बसू शकत नाही.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची मुळं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. तिथे १८४० च्या दशकापासून माणसं चुंबकसूचीचे आकडे वहीत लिहीत होती. तासातासाला, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. त्या आकड्यांचा कुलाब्यातल्या कुणालाही रोजच्या जगण्यात काही उपयोग नव्हता. पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. बदल जुळवून घेता यावेत म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या. एवढा जीव कशासाठी? पुढच्या माणसाला सलग, भरवशाची नोंद मिळावी म्हणून.

२ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेलं एक प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रातून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यातल्या माणसांनी त्या दिवशीही आपल्या वहीत आकडे लिहिले. चुंबकीय क्षेत्राचा एक घटक अचानक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेल्याची नोंद झाली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ती वही तशीच होती. २००३ मध्ये चार शास्त्रज्ञांनी ती उघडली, त्यांतले दोघे याच भूचुंबकत्व संस्थेचे. इतकं मोठं वादळ आज आलं तर उपग्रहांचं, विजेच्या जाळ्याचं काय होईल, याचा अंदाज बांधताना कुलाब्याची नोंद आज जगभर वापरली जाते. ते आकडे लिहिणाऱ्याला उपग्रह म्हणजे काय, हे ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. त्याने फक्त वेळ, आकडा आणि तारीख नीट लिहिली.

हे 'नीट' फार महत्त्वाचं आहे, आणि ते मी स्वतः फार उशिरा शिकले. पस्तीसेक वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आणि त्यांच्या मैत्रिणींच्या ओव्या मी तीन कॅसेटींवर उतरवून घेतल्या होत्या. वर फक्त 'ओव्या १, २, ३' असं लिहिलं. कोण गातंय, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली, काही नाही. आज एका कॅसेटवर तीन बायकांचे आवाज आहेत आणि त्यांतल्या दोघी कोण, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आवाज आहे, पण त्या आवाजाला काही विचारता येत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

याउलट, पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या नावासह आणि गावासह. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या बर्नार्ड बेल यांनी त्यांची सूची उभी करायला हात लावला. आज ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता येतात. कुणाला सासुरवासावर काम करायचं असो, कुणाला आंबेडकरांवरच्या ओव्यांवर, कुणाला एखाद्या तालुक्यातल्या बोलीवर, तिथे वाट सापडते. जमवताना हे सगळे प्रश्न जमवणाऱ्यांच्या मनात होतेच, असं नाही.

म्हणून आधी ही कामं कर. प्रत्येक रेकॉर्डिंगला गाणारीचं नाव, वय, माहेर, सासर, कुणाकडून शिकली, तारीख, आणि गाणं लग्नात कुठल्या विधीला म्हणतात, एवढं लिही. गाणं घरात बसून म्हटलं की खऱ्या मांडवात, तेही लिही, कारण दोन्हीकडे गाणं वेगळं होतं. फाइल तीन ठिकाणी ठेव, मोबाइल हरवतो. आणि आजीला नीट विचार की हे बाहेरच्यांनी ऐकलं तर चालेल का. दुसऱ्या बायकांकडे जाशील तेव्हा हे आणखी गरजेचं. काहींना आपला आवाज इंटरनेटवर नको असेल, तर नको. धवलारीण लग्नाला जायची तेव्हा तिला मान आणि आहेर मिळायचा. तू तिची दुपार घेणार असशील तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि प्रबंधात तिचं नाव 'माहितीदार क्रमांक ४' असं होऊ देऊ नकोस, तिची हरकत नसेल तर.

आता बाबा. तू लिहिलंस की त्यांना तुझ्या कामाची किंमत नाही. मला तुझ्या पत्रातून तसं दिसलं नाही. त्यांनी बीएडचा फॉर्म आणला, लग्नाचं स्थळ नाही आणलं. तुझा अभ्यास त्यांना थांबवायचा नाही, त्यांना तुझ्या पायाखाली जमीन हवी आहे. आणि ज्या माणसाने जमीन जाताना पाहिली आहे, त्याने असं म्हणावं यात मला काही नवल वाटत नाही. ते 'उपयोग काय' म्हणतात तेव्हा त्यांना कुलाब्याची गोष्ट सांगून भागणार नाही. त्यांचा प्रश्न ज्ञानाच्या उपयोगाचा नसून तुझ्या पगाराचा आहे, आणि त्याला पगाराच्याच भाषेत उत्तर द्यावं लागेल.

त्या भाषेत खरी परिस्थिती अशी : मराठीत पीएचडी झाली की कॉलेजात कायम नोकरी लागते, असं समजू नकोस. भरती रेंगाळते, आणि अनेक हुशार मुलंमुली तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत आहेत. हे लपवून मी तुला पुढे ढकलणार नाही. पण पीएचडी म्हणजे बिनपगारी वर्षं, असंही नाही. नेट परत दे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० मिळतात, शिवाय घरभाडं. तुम्ही इतर मागासवर्गात येता, तेव्हा राज्य सरकारच्या 'महाज्योती' संस्थेच्या संशोधन फेलोशिपची जाहिरात आणि तिच्या अटी दरवेळी बघत जा. आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार नोकरी करता करता अर्धवेळ पीएचडी करता येते, नोकरी देणाऱ्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे बीएड की पीएचडी हा प्रश्न तू समजतेस तितका एकच दार उघडणारा नाही. बीएड करून शाळेत लागून पुढे पीएचडी करणारे कितीतरी आहेत, आणि शिकवण्याचा अनुभव संशोधनात कामाला येतो.

माझं मत विचारशील तर बीएडचा फॉर्म भर. तुला धक्का बसेल, पण तो भरल्याने काही दार बंद होत नाही, आणि घरातला ताण कमी होतो. घाईची गोष्ट वेगळीच आहे. पीएचडी दोन वर्षं थांबू शकते. आजी किती थांबेल, ते तुला-मला ठाऊक नाही. तिच्या वयाच्या इतर धवलारणीही थांबणार नाहीत. पदवी, नोंदणी, मार्गदर्शक हे सगळं नंतर येऊ दे, रेकॉर्डिंग मात्र या पावसाळ्याच्या आत सुरू कर. ते करायला कुणाच्या परवानगीचं पत्र लागत नाही.

आणि बरोबरीने एक छोटी परीक्षा घे. एकच धवला निवड. पाच गावांतल्या पाच जणींकडून तो ऐक. दोन महिन्यांत त्यावर दहा पानं लिही, कुणाला दाखवायची म्हणून नाही. आठव्या पानावर तुला झोप यायला लागली, तर पीएचडीचा नाद सोड. त्यात लाज नाही, गाणी तर जमा झालेलीच असतील. आणि आठव्या पानावर तुझ्या लक्षात आलं की तिसऱ्या पानावर लिहिलेलं चुकलंय, ते खोडून तू रात्री एक वाजता पुन्हा रेकॉर्डिंग लावलंस, तर मग मार्गदर्शक शोधायला लाग. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कालिन्याला आहे, मराठी विभाग आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे आणि तुला गाडीने अर्धा तास. तिथे लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत बसून काढलेला एक आठवडा वाया जाणार नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांशी आधी एकट्याने बोल. लिहिलेलं वाचून परत देतात का, एवढं विचार.

ही परीक्षा मी फक्त तुझ्यासाठी सुचवत नाही. याच धर्तीची आणखी पत्रं माझ्याकडे येतात. कळव्याचा एक मुलगा शुद्ध गणितात पुढे जातोय आणि आत्या विचारते, 'म्हणजे तू बनवतोस काय?' वाणिज्य शाखेच्या एका बाईंना मिठागरांच्या जुन्या हिशेबवह्या वाचायच्या आहेत आणि आपण इतिहासवाल्या नाही म्हणून त्या संकोचतात. त्यांनाही हेच सांगते : आपला प्रश्न एका वाक्यात लिहा, त्याचं उत्तर चुकीचं ठरवू शकेल असा पुरावा कोणता ते खाली लिहा. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर अजून थोडं वाचा. आणि दुसऱ्या शाखेतल्या एका तरी माणसाला ती दोन वाक्यं वाचून दाखवा.

तुझ्याकडे तो माणूस घरातच आहे. दादाचं काम घरात संशोधन म्हणून ओळखलं जातं, यात त्याचा काही दोष नाही. त्या हळदीत तो गप्प बसला, हे तुला लागलं आहे, ते पत्रात दोन ठिकाणी आलंय. ते त्याला सांग, पण आधी त्याची मदत माग. येत्या रविवारी दुपारी त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता काढा. डावीकडे एकाखाली एक गाण्यांची पहिली ओळ, वर गाणाऱ्यांची नावं, मध्ये कोण काय वेगळं म्हणते. मोकळे रकाने भरपूर ठेवा. आजीलाही तिथे बसव, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने गाणी लावा, ती मध्येच थांबवून तुम्हा दोघांना दुरुस्त करील. आणि पहिल्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिही, माहेरच्या आडनावासकट.

तुझी,
ताई